अर्धा मेंदू थांबवायचा निर्णय : रासमुसेन एन्सेफलायटिस आणि त्यावरची शस्त्रक्रिया

आजचा विषय जाहीर झाला तेव्हापासून आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातोय. अर्धा मेंदू काढल्यावर माणूस जगतो कसा? या प्रश्नाचं उत्तर आज देऊच, आणि खरं सांगायचं तर ते फार अवघड नाही. अवघड प्रश्न वेगळा आहे. ही शस्त्रक्रिया करायची हे ठरलं, तरी ती कधी करायची? मुलाचा हात अजून चालतोय, ते अजून बोलतंय, शाळेत जातंय, अशा वेळी आई-वडिलांना 'आता करा' म्हणायचं, की हात पूर्ण जाईपर्यंत थांबायचं? आम्ही डॉक्टर मंडळी या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद घालत आलोय. आजचा बराचसा वेळ त्यावरच द्यायचा आहे.

आधी आजार समजून घेऊ. समजा, एक सहा वर्षांची मुलगी आहे. आतापर्यंत अगदी ठणठणीत. पहिलीत जाते, धावते, भांडते. एक दिवस तिच्या उजव्या हाताला झटके येतात, मिनिटभर, आणि थांबतात. घरातले घाबरतात. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे, दृष्ट काढा. डॉक्टरांकडे नेतात, गोळी सुरू होते. पहिला एमआरआय बऱ्याचदा साधा येतो किंवा अगदी किरकोळ काही दिसतं. डॉक्टर सांगतात, फिट आहे, गोळ्यांनी जाईल. आणि ते चूक नसतं, कारण बहुतेक मुलांच्या फिट गोळ्यांनी जातातच.

या मुलीच्या जात नाहीत. दुसरी गोळी सुरू होते, तिसरी होते. झटके दिवसातून एकदाचे पाचदा, पाचदाचे पंचवीसदा होतात. मग एक विचित्र गोष्ट सुरू होते. उजव्या हाताचा अंगठा, किंवा ओठाचा उजवा कोपरा, सारखा उडत राहतो. मुलगी शुद्धीवर आहे, तुमच्याशी बोलतेय, कार्टून बघतेय, आणि अंगठा उडतोच आहे. तासन् तास, दिवसेंदिवस, काही वेळा झोपेतसुद्धा. याला आम्ही एपिलेप्सिया पार्शियालिस कंटिन्युआ म्हणतो. नाव लॅटिन आणि लांबलचक आहे, अर्थ साधा आहे : एका जागची न थांबणारी फिट. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ती कधी ना कधी दिसते. ज्या लहान मुलात ती दिसली, त्याच्या बाबतीत आमच्या मनात रासमुसेनचं नाव यायलाच हवं.

पुढच्या काही महिन्यांत हात जड होतो. पेन्सिल धरता येत नाही, मग चमचा धरता येत नाही. पाय ओढला जातो. डावा मेंदू आजारी असेल तर शब्द सापडेनासे होतात. पुन्हा एमआरआय केला की दिसतं, मेंदूचा एकच गोलार्ध आकसतोय. फक्त एकच. दुसरा शेजारी शाबूत आहे. एक-एक वर्षाच्या अंतराने काढलेले असे दोन-तीन एमआरआय शेजारी शेजारी लावून पाहिले, तर डॉक्टर नसलेल्या माणसालाही फरक कळतो.

हा आजार अतिशय दुर्मिळ आहे. जर्मनीतल्या एका पाहणीत अठरा वर्षांखालच्या एक कोटी मुलांमागे वर्षाला सरासरी २.४ नवे रुग्ण सापडले. हाच दर आपल्याकडे लावला, तर २०११च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे ११.२४ कोटी लोक आणि त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं धरून, वर्षाला नऊ-दहा मुलं होतात. हा आमचा ढोबळ हिशेब आहे, पाहणी नव्हे. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. तालुक्याच्या गावात तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या बालरोगतज्ज्ञाने असा एकही रुग्ण पाहिलेला नसणं अगदी शक्य आहे. त्यामुळे निदान उशिरा झालं तर लगेच कुणाला दोष देऊ नये, असं आम्हाला वाटतं.

नाव कुठून आलं? कॅनडातल्या मॉन्ट्रियलला मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट आहे. वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूशल्यविशारदाने ती उभी केली. १९४५ साली त्यांच्याकडे एक दहा वर्षांचा मुलगा पाठवण्यात आला. सहाव्या वर्षापासून त्याला शरीराच्या उजव्या बाजूला झटके येत होते आणि कशानेच थांबत नव्हते. पुढे असे आणखी रुग्ण दिसले, आणि १९५८ साली थिओडोर रासमुसेन, ओल्शेव्स्की आणि लॉइड-स्मिथ या तिघांनी तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. काढलेला मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात दाह होता. एन्सेफलायटिसमध्ये, म्हणजे मेंदूला सूज आणणाऱ्या तापात, दिसतो तसा. पण ताप नाही, साथ नाही, आणि आजार वर्षानुवर्षं एकाच बाजूला रेंगाळणारा.

साहजिकच पहिला संशय विषाणूवर गेला. कितीतरी वर्षं वेगवेगळ्या प्रयोगशाळांत विषाणू शोधला गेला, कधी हा सापडला, कधी तो, पण सगळ्या रुग्णांत ठामपणे एकही सापडला नाही. मग १९९४ साली एक गंमतशीर वळण आलं. दुसऱ्याच कामासाठी सशांना ग्लुआर३ नावाचं मेंदूतलं प्रथिन टोचलं होतं. त्यातल्या काही सशांना फिट येऊ लागल्या, आणि त्यांच्या मेंदूत रासमुसेनसारखाच दाह दिसला. मग काही रुग्णांच्या रक्तातही या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. सगळ्यांना वाटलं, चोर सापडला. पण पुढे तीच प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकारच्या अपस्माराच्या रुग्णांतही सापडली, आणि रासमुसेनच्या कित्येक रुग्णांत सापडलीच नाहीत. आज पुरावा जास्त बोट दाखवतो तो टी-पेशींकडे. आपल्या रक्तातल्या या पांढऱ्या पेशींचं एरवीचं काम विषाणू लागलेल्या पेशी मारण्याचं. या आजारात त्या मेंदूच्या पेशींना चिकटून त्यांनाच मारताना दिसतात. त्या एकाच गोलार्धात का घुसतात, मधली रेघ ओलांडून पलीकडे का जात नाहीत, हे कोडं अजून सुटलेलं नाही. मात्र शस्त्रक्रिया शक्य होते ती या कोड्यामुळेच. दोन्ही बाजूंना होणारा रासमुसेन अत्यंत विरळा. म्हणजे एक गोलार्ध बाद केला, तर उरलेला निरोगी असण्याची जवळपास खात्री असते.

आता औषधांचं बघू. ग्लासगोमध्ये नव्यानेच निदान झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला आणि आमच्या क्षेत्रात सतत सांगितला जातो. पहिल्या औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्क्यांच्या. तिसऱ्या औषधाने किंवा दोन औषधं मिळून, जेमतेम आणखी ४ टक्क्यांच्या. यातूनच पुढे व्याख्या ठरली : नीट निवडलेली, नीट घेतलेली दोन औषधं निकामी ठरली की तो अपस्मार औषधाला दाद न देणारा समजायचा. तिसरी, चौथी, पाचवी गोळी बदलत बसण्यात वर्षं जातात आणि हाती फार थोडं लागतं. रासमुसेनमध्ये तर आणखीच कमी लागतं. न थांबणाऱ्या त्या अंगठ्यावर गोळ्यांचा परिणाम जवळजवळ शून्य असतो.

दाह आहे म्हटल्यावर दाहावरची औषधंही देतात. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन, टॅक्रोलिमस. टॅक्रोलिमस म्हणजे किडनी बदललेल्या रुग्णांना देतात ते औषध. या औषधांनी मेंदू आकसण्याचा वेग कमी होतो, हाताची ताकद जास्त काळ टिकते, असं दिसलं आहे. फिट मात्र त्यांना फारशा दाद देत नाहीत. ऐकायला चांगलं वाटतं ना, की ताकद टिकते? इथेच मोठा पेच आहे. त्याकडे येतोच. आधी शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

मेंदूचा संपूर्ण गोलार्ध काढण्याची शस्त्रक्रिया अपस्मारासाठी जन्मलेली नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डॅन्डी यांनी ती मेंदूच्या गाठीसाठी केली, आणि १९२८ साली प्रसिद्ध केली. गाठ परत येत राहिली, त्यामुळे त्या कामासाठी ती मागे पडली. अपस्मारासाठी ती टोरांटोच्या मॅकेन्झी यांनी १९३८ साली केली. १९५० साली जोहान्सबर्गच्या क्रिनॉव यांनी बारा रुग्णांचे निकाल मांडले. लहानपणापासून एक बाजू लुळी असलेले, सतत फिट येणारे, वागण्याने घरच्यांना हैराण करणारे हे रुग्ण होते. फिट थांबल्या, वागणं सुधारलं. जगभर ही शस्त्रक्रिया होऊ लागली.

आपल्या देशाचा धागाही इथेच जोडलेला आहे. मॉन्ट्रियलला पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चॅन्डी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि त्यांनी भारतातला पहिला मेंदूशल्यचिकित्सा विभाग सुरू केला. १९५२ साली त्यांनी बालपणीच्या अर्धांगवायूच्या रुग्णावर जी शस्त्रक्रिया केली, ती भारतातली अपस्मारावरची पहिली आधुनिक शस्त्रक्रिया मानली जाते. म्हणजे हे सगळं कुठलं तरी परदेशी नवल नाही. आपल्याकडे त्याला सत्तर वर्षं होऊन गेली.

पण मग माशी शिंकली. शस्त्रक्रियेनंतर पाच-दहा वर्षं उत्तम गेलेले रुग्ण हळूहळू खालावू लागले. डोकेदुखी, झोपाळूपणा, आणि काही जण दगावले. १९६६ साली त्याचं कारण पुढे आलं. गोलार्ध काढल्यावर कवटीत मोठी पोकळी राहते. त्या पोकळीत वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्त झिरपत राहतं. रक्तातलं लोह उरलेल्या मेंदूच्या पृष्ठभागावर थरासारखं बसतं, आणि मेंदूतलं पाणी वाहून जायच्या वाटा बुजतात. शस्त्रक्रिया जवळजवळ बंद पडली.

त्यावर तोड काढली ती रासमुसेन यांनीच. सत्तरच्या दशकात त्यांनी सांगितलं, सगळं काढू नका. मधला भाग आणि कानाजवळचा टेम्पोरल भाग काढा, पुढचा आणि मागचा भाग जागेवर राहू द्या, फक्त त्यांचे उरलेल्या मेंदूशी असलेले सगळे तार तोडा. पोकळी लहान राहते, रक्त झिरपत नाही. आणि फिटच्या दृष्टीने बघाल तर काढलेला मेंदू आणि तोडलेला मेंदू यात फरक नाही, कारण वीज बाहेर पडू शकत नाही. पुढे नव्वदच्या दशकात फ्रान्समध्ये डेलालँड, मॉन्ट्रियलमध्ये व्हिलम्यूर आणि जर्मनीत श्राम यांनी काढायचा भाग आणखी कमी केला. याला आता हेमिस्फेरोटॉमी म्हणतात. जुन्या वाड्याच्या वाटणीसारखं आहे हे. अर्धा वाडा पाडायचा नाही. मधली सगळी दारं, खिडक्या, जिने विटांनी बुजवायचे. नळ मात्र चालू ठेवायचा. म्हणजे रक्तवाहिन्यांना हात लावायचा नाही.

प्रत्यक्षात काय करतात, थोडक्यात सांगतो. प्रत्येक गोलार्धाच्या आत पाण्याने भरलेली एक पोकळी असते, वेंट्रिकल. शल्यविशारद त्या पोकळीत शिरतो आणि आतून काम करतो. दोन गोलार्धांना जोडणारा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, तो पुढून मागपर्यंत आतूनच कापतो. मेंदूकडून खाली मणक्याकडे जाणारे तंतू कापतो. कपाळामागच्या भागाचा तळ सोडवतो. टेम्पोरल भागातले हिप्पोकॅम्पस वगैरे फिटसाठी कुप्रसिद्ध असलेले तुकडे काढून टाकतो. काही तासांची शस्त्रक्रिया असते. मूल लहान असेल तर रक्तस्रावाची फार काळजी घ्यावी लागते, कारण दहा-बारा किलोच्या मुलाच्या अंगात रक्तच मुळात लिटरभराच्या आत असतं. आणि एक जरी दार उघडं राहिलं, तंतूंचा छोटासा जुडगा कापायचा राहिला, तर फिट परत येऊ शकतात. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. शरत् चंद्र यांच्या चमूने हेच काम दुर्बिणीतून, लहान छेदातून करायची पद्धत बसवली आहे. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था १९९५पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया करते. मुंबईत केईएममध्येही अपस्मार शस्त्रक्रियेचं केंद्र आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. मूल जगतं कसं, चालतं कसं? श्वास, हृदय, झोप, जाग यांचा कारभार मेंदूच्या खोडाकडे असतो, त्याला कुणी हात लावत नाही. गिळणं, धडाचे स्नायू, चेहऱ्याचा वरचा भाग यांना दोन्ही गोलार्धांकडून हुकूम येतात. एक गेला तर दुसरा निभावतो. पायाचंही बऱ्याच अंशी तसंच. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी चालणारी बहुतेक मुलं पुन्हा चालतात, पायाला स्प्लिंट लावून, जरा लंगडत. खांदा आणि कोपर बऱ्यापैकी परत येतात. जे परत येत नाही ते बोटांचं काम. एकेक बोट वेगळं हलवणं, चिमटीत टाचणी धरणं, यासाठी समोरच्या बाजूच्या गोलार्धाचाच थेट तार लागतो, आणि तो आपणच कापलेला असतो. तो हात मदतनीस हात होतो. वही दाबून धरायला, दार ढकलायला, पिशवी अडकवायला. लिहायला नाही. शर्टाची बटणं एका हाताने लावायला मूल शिकतं.

दुसरं जातं ते अर्धं दृष्टिक्षेत्र. एक डोळा जात नाही, इथे बऱ्याच पालकांचा गोंधळ होतो. दोन्ही डोळ्यांनी बघताना एका बाजूचं दिसत नाही. ताटात एका बाजूची कोशिंबीर तशीच राहते. रस्ता ओलांडताना त्या बाजूची रिक्षा दिसत नाही. डावा गोलार्ध बंद केला असेल तर उजवीकडचं दिसत नाही, आणि आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे पुढचा शब्दच दिसत नाही. वाचन हळू होतं. मान वळवायची सवय लावावी लागते. शाळेत अशा मुलाला कुठे बसवायचं, तर त्याची दिसणारी बाजू वर्गाकडे आणि फळ्याकडे राहील असं. पुढे मोठेपणी गाडी चालवता येणार नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं.

भाषा? उजवा गोलार्ध बंद करायचा असेल तर सहसा काळजी नाही. डावा असेल तर मोठी काळजी. भाषा नेमकी कुठल्या बाजूला आहे हे आधी तपासावं लागतं. पूर्वी यासाठी वाडा चाचणी होती. आपल्या वाड्याशी संबंध नाही, जुन वाडा हे जपानी डॉक्टरांचं नाव. एका बाजूच्या मानेतल्या रक्तवाहिनीतून गुंगीचं औषध देऊन तो गोलार्ध काही मिनिटं झोपवायचा, आणि रुग्ण बोलू शकतो का ते बघायचं. वाडा पुढे मॉन्ट्रियलला आले आणि १९६० साली त्यांनी रासमुसेन यांच्यासोबत यावरचा निबंध लिहिला. आता बऱ्याच ठिकाणी फंक्शनल एमआरआयवर भागतं. लहान वयात भाषा दुसऱ्या बाजूला सरकू शकते. आम्ही विद्यार्थ्यांना पूर्वी सांगायचो, सहा वर्षांपर्यंत, फार तर. मग १९९७ साली लंडनहून एका मुलाची हकिकत आली. त्याला दुसरा आजार होता, स्टर्ज-वेबर. साडेआठ वर्षांपर्यंत त्याला बोलताच येत नव्हतं. डाव्या गोलार्धावर शस्त्रक्रिया झाली, काही काळाने औषधं थांबली, आणि नऊ वर्षांचा झाल्यावर तो बोलायला लागला. आजारी गोलार्ध नुसताच निकामी नव्हता, तो दुसऱ्यालाही काम करू देत नव्हता. एका मुलावरून नियम करता येत नाही, पण सहा वर्षांची ती कडक रेघ तेव्हापासून आम्ही जरा फिकट काढतो.

आणि आता तो पेच. पुन्हा आपल्या सहा वर्षांच्या मुलीकडे येऊ. तिच्या दोन अवस्था कल्पून बघा.

पहिल्या अवस्थेत ती दोन वर्षांनी आमच्याकडे येते. उजवा हात पूर्ण लुळा, बोटं हलतच नाहीत, उजव्या बाजूचं दिसत नाही, भाषा बरीचशी उजवीकडे सरकलेली. दिवसाला चाळीस फिट. इथे निर्णय तुलनेने सोपा आहे. शस्त्रक्रियेने जे जाणार, ते आजाराने आधीच नेलंय. मिळवायचं तेवढंच उरलं आहे.

दुसऱ्या अवस्थेत ती पाचव्या महिन्यात येते. निदान लवकर झालं, चांगल्या डॉक्टरांनी केलं. हात अशक्त आहे पण ती त्याच हाताने लिहिते. फिट दिवसाला वीस. आता शस्त्रक्रिया करायची म्हणजे चालता हात आपण आपल्या हाताने घालवायचा. कुठला बाप पटकन सही करेल? आणि कुठल्या शल्यविशारदाचा हात थरथरणार नाही?

थांबावं, तर थांबण्याची किंमत आहे. रोज वीस फिट म्हणजे चांगल्या गोलार्धावरही वीस धक्के. मूल शिकत नाही, शिकलेलं विसरतं. औषधांच्या गुंगीत राहतं. ज्या वयात दुसरा गोलार्ध काम उचलायला सर्वांत तयार असतो, नेमकं तेच वय निघून जातं. दाहावरची औषधं दिली, तर वर म्हटलं तसं, हात टिकतो. पण फिट चालूच राहतात. म्हणजे काही मुलं अशा जागी अडकतात की शस्त्रक्रिया करावी तर हात चांगला आहे, न करावी तर फिट थांबत नाहीत. औषधाने आजार बरा झाला नाही, फक्त निर्णय लांबला. जर्मनीतल्या तज्ज्ञांनी हा पेच स्पष्ट मांडला आहे, आणि आम्हाला तो रोजच्या कामात खरा वाटतो.

आमचं मत काय? सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. पण तीन गोष्टी आम्ही पालकांसमोर मांडतो. आजार कुठल्या बाजूला आहे, कारण उजवीकडे असेल तर आम्ही लवकर करण्याकडे झुकतो. मूल किती वर्षांचं आहे. आणि तिसरी गोष्ट, जी बऱ्याचदा राहून जाते : गेल्या तीन महिन्यांत मूल काय नवीन शिकलं? हात टिकला की नाही, हे सगळे बघतात. मूल वाढतंय की थांबलंय, हे आईला विचारावं लागतं. ती सांगते, आधी शंभरपर्यंत अंक म्हणायची, आता तीसच्या पुढे अडखळते. हे उत्तर आमच्या लेखी हाताच्या ताकदीइतकंच वजनदार आहे.

पालक मधला मार्ग विचारतात. जिथून झटके निघतात तेवढाच तुकडा काढा ना, सगळं कशाला? ही शंका अगदी रास्त आहे, आणि मॉन्ट्रियललाही सुरुवातीला तेच केलं गेलं. काही काळ बरं वाटतं, मग शेजारचा भाग पेटतो. हा आजार पसरणारा असल्यामुळे छोट्या शस्त्रक्रिया टिकत नाहीत. आणि मग मुलाला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टेबलावर न्यावं लागतं.

निकाल सांगताना आम्ही हातचं राखत नाही. रासमुसेनसाठी हेमिस्फेरोटॉमी केलेल्या दहांपैकी साधारण सहा ते आठ मुलांच्या फिट पूर्ण थांबतात. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या कमी होतात, पण थांबत नाहीत. काहींच्या मेंदूत पाणी साठतं, त्यांना शंट नावाची नळी बसवावी लागते. हे पहिल्या महिन्यांतच होतं असं नाही, काही वर्षांनीही होऊ शकतं. त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला कधीही सकाळची डोकेदुखी, उलट्या, सुस्ती सुरू झाली, तर 'पित्त झालं असेल' म्हणून घरी थांबू नका, स्कॅन करा. क्वचित मृत्यूही होतो. तोही आकडा आम्ही सहीच्या आधी सांगतो, आमच्या केंद्राचा, दुसऱ्या कुणाचा नव्हे. तुम्हीही जिथे जाल तिथे तो मागून घ्या. किती केल्या, किती मुलांच्या फिट थांबल्या, किती दगावली. हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे घरच्यांना फार कठीण जातात, आणि याची पूर्वकल्पना दिलेली नसेल तर आणखीच. पाय आधीपेक्षा जास्त लुळा वाटतो. मूल चिडचिड करतं, ताप येत-जात राहतो. 'आम्ही हे काय करून बसलो' असं पालकांना वाटतं, ते वाटणारच. साधारणपणे काही आठवड्यांत ते आधाराने उभं राहायला लागतं. इथून पुढचं सगळं फिजिओथेरपीवर आहे, आणि ती वर्षभर तरी रोज हवी. जिल्ह्याच्या गावी रोज फिजिओथेरपिस्ट मिळणं हीच खरी अडचण आहे, शस्त्रक्रियेपेक्षाही. म्हणून आम्ही आईला, आजीला, जो घरी असेल त्याला व्यायाम शिकवून पाठवतो.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे. विचारलंय, तोडलेला अर्धा मेंदू जिवंत आहे, रक्त मिळतंय, मग तो आत करतो काय? त्याला काही कळतं का? प्रश्न चांगला आहे, आम्हालाही पडतो. शस्त्रक्रियेनंतर ईईजी काढला तर त्या बाजूला काही वेळा फिटसारख्या लहरी दिसतात, आणि मूल समोर बसून बिस्किट खात असतं. त्याला पत्ताच नसतो. अलीकडे जाग्या रुग्णांच्या ईईजीवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की तोडलेल्या गोलार्धात गाढ झोपेत असतात तशा संथ लहरी चालू असतात, शस्त्रक्रियेला काही वर्षं होऊन गेल्यावरही. त्यावरून तरी तो झोपलेला आहे असं म्हणता येतं. उरलेल्या गोलार्धाचं म्हणाल, तर २०१९ साली अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये, लहानपणी अशी शस्त्रक्रिया झालेल्या सहा प्रौढांचे फंक्शनल एमआरआय तपासले गेले. मेंदूतली नेहमीची जाळी त्यांच्या एकाच गोलार्धात व्यवस्थित सापडली. पाहण्याचं, हालचालींचं, लक्ष देण्याचं, अशी जी वेगवेगळी जाळी असतात, त्यांचे आपसातले संबंध मात्र इतरांपेक्षा जास्त घट्ट होते.

दुसरी चिठ्ठी एका आईची आहे. गोळ्या कधी बंद होतील? शस्त्रक्रियेच्या दिवशी नाही. फिट पूर्ण थांबलेल्या असल्या, तर काही महिन्यांनी एकेक गोळी हळूहळू उतरवायला सुरुवात करतात. मध्येच स्वतःहून बंद करू नका. आणि शेवटची गोळी उतरते आहे त्या दिवसांत, शक्य असेल तर, प्रवासाला जाऊ नका.